जन्मदाते की पालक?

जून महिना म्हणजे शाळांच्या सूचनापत्रांचा महिना. गणवेश, वह्या, बसभाडे, पालकसभा अशा कागदांच्या गर्दीत यंदा आमच्या इमारतीतील एका घरी एक निराळे सूचनापत्र आले. पहिलीच्या मुलांच्या आईवडिलांसाठी ‘पेरेंटिंग कार्यशाळा’ आणि दोघांचीही उपस्थिती अनिवार्य! त्या घरच्या काकूंचे वय ब्याऐंशी. नातसुनेच्या हातातले ते पत्र त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि आम्हांला विचारले, “हे पेरेंटिंग म्हणजे काय रे? आम्ही केलं होतं का ते?”

काकूंनी चार मुले वाढवली. धाकट्या दिराचे शिक्षण आणि लग्न पार पाडले. गावाकडे शाळा नव्हती म्हणून नणंदेच्या मुलीला सहा वर्षे घरी ठेवून घेतले. तिच्या वेणीफणीपासून तिच्या परीक्षेपर्यंत सारे पाहिले. काकूंच्या प्रश्नात उपरोध नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. ज्यांनी आयुष्यभर हे काम केले त्यांना त्या कामाचे नाव कळू नये आणि ज्यांनी ते नुकतेच आरंभले आहे त्यांच्या तोंडी ते नाव अष्टौप्रहर असावे, हे कसे घडले?

शब्दांचीही कुळकथा असते. इंग्रजीतील ‘पेरेंट’ हा शब्द ‘जन्म देणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत स्थिरावला. ज्याने वा जिने जन्म दिला ती व्यक्ती म्हणजे पेरेंट. शतकानुशतके हे प्रामुख्याने नाम होते. क्रियापद म्हणून त्याचा तुरळक वापर सतराव्या शतकापासून आढळतो, पण सामान्य इंग्रज गृहिणीच्या बोलण्यात तो नव्हता. मूल वाढवण्यासाठी तिच्याजवळ वेगळी, साधी क्रियापदे होती. ‘पेरेंटिंग’ हे रूप खऱ्या अर्थाने रुळले ते अमेरिकेत आणि तेही १९७० च्या दशकात. त्याच दशकाच्या आरंभी, १९७० मध्ये, फिट्झह्यू डॉडसन या मानसशास्त्रज्ञाचे ‘हाऊ टू पेरेंट’ हे पुस्तक निघाले. त्या नावातच बदललेल्या काळाची खूण आहे. पेरेंट आता केवळ ‘असायचे’ नव्हते, ते ‘करायचे’ होते; आणि जे करायचे ते शिकावे लागते.

हा शब्द तेव्हाच आणि तिथेच का फोफावला? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत कुटुंबे आजोळापासून, भावंडांपासून दूर, शहरांच्या उपनगरांत जाऊन राहिली. कालांतराने कुटुंबे लहान झाली, मुलांची संख्या घटली. पुढे शिक्षणाची आणि नोकरीची वर्षे लांबली, विवाहाचे आणि अपत्यजन्माचे वय वाढले. पूर्वीची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन खेळायला जात असे, मावशीच्या बाळंतपणात मदत करत असे. स्वतःचे मूल होईपर्यंत तिच्या हाताखालून चारदोन लेकरे गेलेली असत. नव्या पिढीतील आईने आयुष्यात हातात घेतलेले पहिले तान्हे मूल हे तिचे स्वतःचेच असू लागले. शाळा, महाविद्यालय आणि कार्यालय यांचा वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव मात्र तिच्यापाशी होता. साहजिकच मूल वाढवणे हाही एक अभ्यासक्रम आहे, त्याचीही पाठ्यपुस्तके, परीक्षा आणि गुणपत्रिका असणार, असे तिला वाटले. घरातील अनुभवाची शाळा बंद पडली तेव्हा बाजारातील शिकवणी सुरू झाली. ‘पेरेंटिंग’ हे त्या शिकवणीचे नाव.

या शिकवणीतील गुरुजनांचे एकमत असते तर गोष्ट वेगळी होती. १९२८ साली जॉन वॉटसन या नामांकित अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आयांना बजावले होते की, मुलांना कुरवाळू नका, त्यांचे मुके घेऊ नका. सकाळी भेटताना फार तर हस्तांदोलन करा! पुढे १९४६ मध्ये डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील पुस्तक आले. त्यांनी आयांना स्वतःवर विश्वास ठेवायला सांगितले, माया करायला संकोचू नका म्हणून सांगितले. अठरा वर्षांत शास्त्र नेमके उलट्या दिशेला वळले. मुलाच्या डोक्यावर सतत घिरट्या घालणाऱ्या आईची ‘हेलिकॉप्टर’ ही उपमा १९६९ मधील हाइम गिनॉट यांच्या पुस्तकापासूनची. २०११ मध्ये एमी चुआ यांच्या पुस्तकामुळे कडक शिस्तीची ‘वाघीण आई’ गाजली आणि आता मोबाईलच्या पडद्यावर ‘जेंटल’ म्हणजे सौम्य पेरेंटिंगचा बोलबाला आहे. या प्रत्येकात काही तथ्यांश असेलही. पण दर दहा वर्षांनी बदलणाऱ्या या उपदेशांमध्ये बिचाऱ्या आईबापांनी धरायचे काय आणि सोडायचे काय?

आता आपल्या शब्दांकडे वळू. ‘पिता’ या शब्दाची फोड करताना निरुक्तकार यास्काचार्यांनी त्याचा अर्थ रक्षण करणारा, पालन करणारा असा दिला. आजचे भाषाशास्त्रज्ञ ‘पिता’ आणि ‘माता’ या शब्दांचे मूळ तान्ह्या मुलाच्या ‘पा-पा’, ‘मा-मा’ या पहिल्या उच्चारांत शोधतात आणि तेही मोठे गोड आहे. पण यास्काचार्यांची व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो, त्यांच्या समाजाला पित्यामध्ये काय दिसत होते, हे ती निःसंशय सांगते. जन्म देणे तिच्यात नाही, सांभाळणे आहे.

हाच धागा कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पहिल्या सर्गात उचलला आहे. दिलीप राजाचे वर्णन करताना कवी म्हणतो की, प्रजेला वळण लावणे, तिचे रक्षण करणे आणि तिचे भरणपोषण करणे या तीन गोष्टींमुळे तोच प्रजेचा खरा पिता होता. त्यांचे जन्मदाते हे केवळ जन्माला निमित्त. वाचकहो, या एका श्लोकाच्या आशयात पालकत्वाची अवघी व्याख्या सामावली आहे. वळण, रक्षण आणि भरण! ‘पेरेंट’ या शब्दाचे मूळ जिथे थांबते, त्या जन्महेतूला कालिदास ‘केवळ’ म्हणून बाजूला ठेवतो. महाभारताच्या आदिपर्वात कण्व ऋषी शकुंतलेविषयी बोलताना हेच सांगतात. देह देणारा, प्राण वाचवणारा आणि अन्न देणारा असे तिघेही धर्मदृष्ट्या पिताच होत. अरण्यात पाखरांनी राखलेल्या त्या मुलीचे पितृत्व कण्वांनी या न्यायाने स्वीकारले.

आपल्या कथापरंपरेचा कौलही असाच आहे. देवकीने कृष्णाला जन्म दिला, पण मराठी आई बाळकृष्णाच्या खोड्या सांगू लागते तेव्हा तिच्या ओठी नाव येते ते यशोदेचे. कर्णाला कुंतीने जन्म दिला, पण तो मिरवला ‘राधेय’ म्हणून; आणि युद्धापूर्वी कृष्णाने जन्माचे नाते सांगितले, तेव्हा त्याने दूध पाजणाऱ्या राधेचे आणि सांभाळणाऱ्या अधिरथाचे ऋण पुढे ठेवले.

मूल वाढवण्याचे शास्त्र आपल्याकडे नव्हतेच, असेही नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग ‘कौमारभृत्य’ आहे. कुमाराचे भरण, पोषण, संगोपन हा त्याचा विषय. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मुलाची खेळणी कशी असावीत हे सांगितले आहे. ती रंगीबेरंगी, आवाज करणारी, मनोहर असावीत. जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जाणारी नसावीत आणि मुलाला भिववणारी नसावीत. आजही सुरक्षित खेळण्यांबद्दल याहून फारसे वेगळे सांगितले जात नाही. त्याच ठिकाणी आणखी एक सूचना आहे. मूल रडते, जेवत नाही किंवा ऐकत नाही म्हणून राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्याला घाबरवू नये.

इथे मात्र आपण क्षणभर थांबायला हवे. चरकाचा अभिमान वाहणाऱ्या आपल्यापैकी किती घरांत ‘बागुलबुवा येईल’ म्हणून मुलाला घास भरवला गेला नाही? पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागताच पुत्राला मित्रासारखे वागवावे, असे एक सुभाषित आपल्याकडे रूढ आहे. त्यातील ‘ताडन’ आपण अगदी निष्ठेने पाळले. मैत्री मात्र सोयीस्करपणे विसरलो. ‘छडी लागे छमछम’ हीच शिक्षणाची किल्ली मानणाऱ्या घरांतून किती कोवळी मने कायमची मिटून गेली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्या सुभाषितात पुत्राचाच उल्लेख आहे. मुलीच्या वाट्याला तर मैत्रीचे ते सोळावे वर्षही न येता थेट सासर येत असे. तेव्हा जुने ते सारे सोने होते, या भ्रमात कोणी राहू नये. एकत्र कुटुंबात अनुभवाची शाळा होती हे खरे. पण त्या शाळेत काही धडे चुकीचेही गिरवले गेले. ते दुरुस्त करण्याचे श्रेय आधुनिक बालमानसशास्त्राला मोकळेपणाने द्यायला हवे. १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका, त्यांच्यासोबत काम करून पुढे १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभारणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी हे नवे ज्ञान माँटेसरींकडून घेतले, पण आपल्या मातीत रुजवून घेतले. गिजुभाईंनी पालकांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकाच्या गुजराती नावाचा अर्थ ‘आईबाप होणे कठीण आहे’ असा आहे. होणे, करणे नव्हे! शब्दाची निवड पाहा.

आता आपल्या मराठी ‘पालक’ शब्दाचीही थोडी झाडाझडती घेऊ. काकूंच्या पिढीच्या घरगुती बोलण्यात ‘पालकत्व’ नव्हते. तिथे आईवडील होते, मायबाप होते, वडीलधारी माणसे होती. ‘पालकत्व’ रुळले ते कायद्याच्या दारातून. ‘पालक आणि पाल्य’ यांविषयीचा कायदा १८९० चा, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. दुसरे दार शाळेचे. प्रगतिपुस्तकावर ‘पालकांची सही’ आली, सूचनापत्रात ‘आपला पाल्य’ आला. म्हणजे आपल्याकडेही हा शब्द कागदावरचा, सहीचा आणि जबाबदारी निश्चित करण्याचा होता. घरातले शब्द वेगळे होते. आपण मुलाला ‘वाढवतो’ आणि त्याच्या पानात ‘वाढतो’. मराठीत ही दोन्ही कामे एकाच घरची वाटावीत इतकी जवळ आहेत. आपण मुलाला ‘वळण’ लावतो. हाच शब्द आपण अक्षराला वापरतो, पाण्याच्या पाटालाही वापरतो. पाटाला वळण देणारा शेतकरी पाणी निर्माण करत नाही आणि त्याला चढावर वाहायला सांगत नाही. उतार ओळखतो आणि चार ढेकळे इकडची तिकडे करतो. मूल वाढवणे याहून वेगळे काय आहे?

अमेरिकेतील बर्कले येथील बालमानसशास्त्रज्ञ ॲलिसन गोपनिक यांनी २०१६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ‘पेरेंटिंग’ या शब्दावरच आक्षेप घेतला आहे. ठरलेल्या मापाचे फर्निचर घडवणारा सुतार आणि रोपांना वाढू देणारा माळी अशी तुलना करून त्या म्हणतात की, आईबाप असणे हे नाते आहे; त्याचे आपण काम करून टाकले आहे. ज्या देशात हा शब्द जन्मला, त्याच देशातील विदुषी आता त्याचा फेरविचार करायला सांगत आहेत, नेमके त्याच वेळी आपण तो शब्द कार्यशाळेच्या फलकावर अभिमानाने लावत आहोत. मागाहून घेतलेल्या वस्तूसोबत तिचे दोष सांगणारी चिठ्ठी तरी आपण वाचायला नको का?

शब्दाला एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या अवतीभवतीच आहे. काम म्हटले की उद्दिष्ट आले, मुदत आली, खर्च आला आणि शेवटी फलनिष्पत्तीचा ताळेबंद आला. दहावीच्या निकालाच्या दिवशी मुलाच्या आधी आईवडिलांचे फोन वाजू लागतात. ‘किती टक्के?’ या प्रश्नात परीक्षा कोणाची होती, हेच कळेनासे होते. मूल हा प्रकल्प ठरला की त्याचे अपयश हे केवळ त्याचे उरत नाही. ते आईबापांच्या ‘पेरेंटिंग’चे अपयश होते. मग हरलेल्या मुलाने जायचे कुठे? सारे जग हसले तरी जिथे पान वाढलेले असते, ते घरच त्याला परीक्षाकेंद्र वाटू लागते. राजस्थानातील कोटा शहरातून विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वारंवार आल्या. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारला शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या; सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. सरकारने सूचना काढली हे योग्यच झाले. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाला घरापासून शेकडो कोस दूर एका खोलीत ठेवायला कोणता सरकारी आदेश आला होता? ते आपणच केले आणि ‘त्याच्या भल्यासाठी’ केले.

या ताळेबंदाची दुसरी बाजू वीस-तीस वर्षांनी समोर येते. २००७ मध्ये संसदेला आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी कायदा करावा लागला. मुलगा पोसत नाही म्हणून वृद्ध आईवडील न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात. या कायद्याने दत्तक आणि सावत्र आईवडिलांनाही आईवडीलच मानले आहे. पालन करणारा तोच पिता, हा कण्वांचा न्याय आजच्या कायद्यातही दिसतो, याचे समाधान आहे. पण असा कायदा करावा लागावा, याची खंत त्याहून मोठी आहे. ज्या मुलाला आपण गुंतवणूक म्हणून वाढवले, त्याने मोठेपणी आपल्याकडे खर्चाची बाजू म्हणून पाहिले, तर तो हिशेब त्याला शिकवला कोणी?

मग कार्यशाळेला जाऊ नये का? अवश्य जावे. ज्या घरात सल्ला द्यायला आजी नाही, तिथल्या तरुण आईला कोणीतरी जाणत्याने चार गोष्टी सांगितल्या तर त्यात वावगे काहीच नाही. आजची आई-वडिलांची जोडी दोन तास लोकलमध्ये आणि दहा तास कार्यालयात घालवून घरी येते. त्यांना ‘आमच्या वेळी असे नव्हते’ म्हणून हिणवणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. उणीव त्यांच्यात नाही, त्यांच्याभोवतीच्या रिकाम्या घरात आहे. ते घर भरायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

आणि इथे आपल्यासारख्या कार्यकर्त्यांच्या कुटुंबांनी स्वतःला काही विचारायला हवे. समाजाच्या मुलांसाठी सायंकाळ देणाऱ्या कार्यकर्त्याचे स्वतःच्या मुलाशी शेवटचे निवांत बोलणे कधी झाले? संस्कारवर्गाला मूल रविवारी तासभर पाठवले की संस्कारांची जबाबदारी संपली, असे समजणे आणि पैसे भरून पेरेंटिंग उरकणे यांत तत्त्वतः फरक काय? श्लोक वर्गात पाठ होतात. खोटे बोलू नये हे मात्र दाराची घंटा वाजल्यावर ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असे मुलाला सांगितले जाते की नाही, यावरच ठरते.

घर भरण्यासाठी एकत्र कुटुंब पुन्हा उभारण्याची गरज नाही. ते सर्वांना शक्यही नाही. अमेरिकेतील आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबात आजी-आजोबा सहा महिन्यांच्या मुक्कामाला जातात आणि उरलेले सहा महिने शेजारच्या दोन मराठी घरांतील मोठी माणसे नातवंडांची आजी-आजोबा होतात. रविवारच्या मराठी शाळेला तिन्ही घरांची मुले एकाच गाडीतून जातात. जे साता समुद्रापार जमते, ते ठाण्याच्या, नाशिकच्या, पुण्याच्या एकाच इमारतीत का जमू नये? थोरल्या मुलांच्या कडेवर शेजारचे धाकटे मूल द्यावे. रात्रीचे एक जेवण दूरदर्शनसंच आणि मोबाईल बंद ठेवून करावे. मुलाच्या गुणांची चौकशी दिवसातून एकदा, त्याच्या मित्रांची दोनदा करावी. यांतल्या कशासाठीही शुल्क भरावे लागत नाही.

काकूंना आम्ही त्या दिवशी नीट उत्तर दिले नव्हते. ते परवा दिले. म्हटले, “काकू, तुम्ही पेरेंटिंग केलं नाहीत. तुम्ही मुलं वाढवलीत. स्वतःची आणि दुसऱ्यांचीही.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग त्या कार्यशाळेला मलाच पाठव की. बोलावतील का?”

शाळांनी बोलवावे. या जूनमध्ये निघणाऱ्या प्रत्येक सूचनापत्रात आई आणि वडील यांच्या पुढे ‘आजी-आजोबा असल्यास त्यांनाही आणावे’ एवढी एक ओळ वाढवावी. वळण, रक्षण आणि भरण या तिन्ही गोष्टी ज्यांनी केल्या ती माणसे अजून आपल्यात आहेत. ती आहेत तोवर त्यांच्याकडून शिकून घेणे, हे जन्मदात्यांनी पालक होण्याकडे टाकलेले पहिले पाऊल ठरेल.